तलवारीचा प्लग

मराठवाड्यात तलवार बघायला लांब जावं लागत नाही. कुणाही पुढाऱ्याच्या सत्काराला जा. फेटा झाला, शाल झाली, की तलवार येते. साहेब ती उपसायला जातात, ती अर्ध्यात अडकते, मग एक कार्यकर्ता म्यान धरतो, साहेब मूठ ओढतात आणि सूत्रसंचालक ‘ढाण्या वाघ’ म्हणत म्हणत दोन पावलं मागं सरकतो. लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. वाढदिवसाला तलवारीनं केक कापणारे बहाद्दर तर पेपरात नेमानं येतात. आदल्या दिवशी स्टेटसला, दुसऱ्या दिवशी गुन्हे वृत्तात. आणि नांदेड तर मराठवाड्यातच. तिथं हुजूर साहिबच्या तख्तात गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं आजही जपून ठेवलेली आहेत. होला मोहल्ल्याच्या सणाला निहंग शिखांच्या हातात जी पाती चमकतात ती एकदा बघितली, की आपल्या सत्कारातल्या तलवारी केक कापायलाच बऱ्या असं वाटू लागतं.

एवढ्या तलवारी अवतीभवती असल्यामुळं निलंग्यातल्या एका शाळेत तलवारबाजीचा संघ निघाला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खेळ बघितल्यावर. पोरी पांढऱ्या कपड्यात, तोंडाला जाळी, आणि प्रत्येकीच्या पाठीतून एक वायर निघालेली. गल्लीतले एक आजोबा हाताची घडी घालून बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “समदं ठीक हाय, पण लेकरांना चार्जिंगला कामून लावलंय?”

माझी भाची नववीत आहे आणि या संघात आहे. ती त्यात कशी गेली यात शौर्याचा भाग थोडा आहे. शाळा सुरू झाल्यावर क्रीडाशिक्षकांनी वर्गात खेळांची यादी वाचली. कबड्डीत जागा नव्हती, कारण आमच्याकडं कबड्डीची जागा वारसा हक्कानं जाते. थोरली दहावी होऊन बाहेर पडली की धाकटी आत येते. व्हॉलीबॉलला उंची लागते. खो-खोला पळावं लागतं, आणि भाचीला पळायचं म्हटलं की पोटात दुखतं. मग सर म्हणाले, “तलवारबाजी. तालुक्यात दुसरा संघ नाही.” हे दुसरं वाक्य ऐकल्याबरोबर निम्म्या वर्गाचे हात वर गेले. तालुक्यात दुसरा संघ नाही म्हणजे तालुका न खेळताच जिंकला. हा हिशोब नववीतल्या पोरींना कुणी शिकवावा लागत नाही. त्या लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या आहेत.

परीक्षेतल्या गुणांसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या मुलखात खेळाची किंमत आधी गुणांत काढतात. दाजींनी, म्हणजे भाचीच्या वडिलांनी, खेळाचं नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न केला तो “लागतं का?” हा नव्हता. “दहावीला मार्क किती?” हा होता. सरांनी समजावलं, की जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पातळ्यांप्रमाणे क्रीडा सवलतीचे गुण असतात, ते २५ पर्यंत जातात, आणि पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दाजी शिकवणी, टेस्ट सिरीज आणि हॉस्टेल यांचे आकडे तोंडपाठ असलेले गृहस्थ. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, “खेळू द्या. फक्त रविवारच्या टेस्टला सुट्टी न्हाई.”

जागा मोकळी दिसली म्हणून खेळात शिरलो, यात आपल्या पोरींनी लाजायचं कारण नाही. भारताकडून तलवारबाजीत ऑलिम्पिक गाठणारी पहिली खेळाडू चेन्नईची भवानी देवी. तिचीही सुरुवात अशीच आहे. २००४ साली तिच्या शाळेत बाकीच्या खेळांच्या जागा भरलेल्या होत्या, तलवारबाजीत शिल्लक होती, म्हणून ती तिथं गेली. सरावाला बांबूच्या काठ्या. पुढं केरळात थलासरीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या (साई) केंद्रात तिला घडवलं ते सागर लागू यांनी, म्हणजे मधे एक मराठी आडनाव आहेच. टोकियोत २०२१ च्या जुलैत तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ असं उडवलं आणि दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या मॅनॉन ब्रुनेकडून ७-१५ अशी हरली. आमच्या शाळेत सरांनी हे सगळं फळ्यावर लिहून दाखवलं. पोरींच्या लक्षात एवढंच राहिलं, की जागा शिल्लक असलेल्या ठिकाणी आधी हात वर करावा.

हत्यारं तीन. फॉईल, इपी आणि सेबर. फॉईलमध्ये फक्त धडावर टोचायचं, सेबरमध्ये कमरेच्या वर, आणि कापल्यासारखा वारही चालतो. इपीमध्ये डोक्यापासून अंगठ्यापर्यंत सगळं अंग मोकळं. आमच्या शाळेची फॉईल. तिचं वजन अर्ध्या किलोच्या आत आणि पातं नव्वद सेंटिमीटर. टोकाला एक बारीक स्प्रिंगचं बटण असतं. ते समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की अस्तनीतून, पाठीतून वायर जाते त्या पेटीवर दिवा लागतो. त्यासाठी अंगात धातूच्या धाग्याचं एक चंदेरी जाकीट घालावं लागतं. हे जाकीट पहिल्यांदा घरी आलं तेव्हा बहिणीला वाटलं, स्नेहसंमेलनातल्या नाचाचं आहे. तिनं ते बादलीत भिजवलं, घासलं आणि सवयीनं पिळायला घेतलं. सर नेमके दारात उभे होते. त्यांनी जी किंकाळी मारली ती ऐकून शेजारचे लोक साप निघाला असं समजून काठ्या घेऊन आले.

शाळेकडं साहित्य पुरेसं नाही हे वेगळं सांगायला नको. मास्क थोडे, डोकी जास्त. त्यामुळं एका मास्कमध्ये दिवसाकाठी पाच-सहा जणींचं खोबरेल तेल मुरतं, आणि भाची डोळे मिटून सांगू शकते की आपल्या आधी हा कुणी घातला होता. फॉईलच्या टोकाला दोन स्क्रू असतात, राईच्या दाण्याएवढे. ते निसटले की सरावच थांबतो. मग सगळा संघ गुडघ्यावर बसून शहाबादी फरशीच्या सांदी बघतो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक सर खिशातच बाळगतात.

त्याहून मोठी अडचण वजनाची. नियम असा, की टोक दाबून त्यावर पाचशे ग्रॅमचं वजन ठेवलं तर स्प्रिंगनं ते परत वर उचललं पाहिजे, नाहीतर पंच फॉईल बाद करतात. यासाठी मधोमध भोक असलेलं खास वजन मिळतं. शाळेचं हरवलं होतं. सरांनी किराणा दुकानातून अर्ध्या किलोचं माप आणलं. लोखंडी, षटकोनी, कडेला गंजलेलं. ते सहा मिलिमीटरच्या टोकावर उभं राहीना. एक पोरगी फॉईल उभी धरते, दुसरी माप टेकवते, तिसरी खाली हात पसरून बसते. शेवटी माप चौथीच्या पायावर पडलं. तिकडं दुकानदार तासाभरानं निरोप धाडतो, “सर, साखर तोलायची राहिलीय.”

पहिल्या वर्षी खंडेनवमीला सगळ्या फॉईल ओळीनं मांडून पूजा झाली. हत्याराची पूजा नको असं कोण म्हणणार? प्रत्येक टोकाला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, अक्षता. दसऱ्यानंतर सराव सुरू झाला तर एकही दिवा लागेना. वायर बदलली, पेटी बदलली, एका पालकानं दृष्ट काढण्याचाही पर्याय सुचवला. सरांनी टोक उघडलं तर आत ओली हळद वाळून बसलेली. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन सरांची दिवाळीची अर्धी सुट्टी त्यात गेली. आता खंडेनवमीला टोकांवर पेनाची टोपणं घालतात आणि हळद-कुंकू मुठीला लागतं.

सराव बघायचा तर शाळेपेक्षा घरी बघावा. तलवारबाजीत उभं राहण्याची एक रीत आहे. एक पाऊल पुढं, दुसरं आडवं, गुडघे वाकलेले, पाठ ताठ, मागचा हात वर. या अवस्थेत भाची ओसरीवर पुढं-मागं सरकते. आजीला हे मुळीच पटत नाही. “अगं, अशी अधांतरी काय राहायलीस? नीट बस, न्हायतर नीट उभी राहा!” पुढच्या पायावर झेप घेऊन टोचण्याला लंज म्हणतात. निशाण म्हणून दोरीला चेंडू टांगून त्याला टोचायचं असतं. चेंडू टांगायला घरी जागा नव्हती, पण दाराला दर शनिवारी लिंबू-मिरची टांगलेली असतेच. पोरीची नेम धरण्याची प्रगती आजीनं लिंबावरूनच ओळखली. आधी भोकं मिरचीला पडायची, मग लिंबाच्या कडेला, आणि श्रावण संपता संपता बरोबर मधोमध. आजीनं काळजीनं विचारलं, “नजर लागलेली लिंबात राहतीय का भोकातून गळतीय?” याचं उत्तर सरांकडंही नव्हतं.

जिल्हा स्पर्धा लातूरला असते. सामानाची पिशवी उभी केली तर माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब. एसटीत कंडक्टर ती बघून एकदा “ठिबकच्या नळ्या हायत का?” म्हणाला होता आणि पोरींनी हो म्हटलं होतं, कारण खरं सांगितलं की चर्चा लामजना पाटीपर्यंत संपत नाही. पण एकदा शाळेनं जीप केली आणि वाटेत नाकाबंदी लागली. सणाचे दिवस. आमच्याकडं सणासुदीला आणि निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्यात तलवारी, भाले, सोटे, सुरे, काठ्या, लाठ्या असं सगळं येतं. हवालदारांनी पिशवीवर हात ठेवला.

“ह्यात काय हाय?”

“तलवारी,” भाची म्हणाली. पोरीला खरं बोलायची सवय आहे. ती कुठं वापरायची हे अजून कळलेलं नाही.

सर खाली उडी मारून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं पत्र उलगडेपर्यंत एक फॉईल हवालदारांच्या हातात गेली होती. त्यांनी पातं वाकवून बघितलं, ते धनुष्यासारखं वाकलं. अंगठा फिरवून बघितला.

“धार कुठाय?”

“नसती काका.”

“मग लागती कशी?”

“वायरीनं.”

हवालदार जरा विचारात पडले. “म्हंजे हिच्यानं केकबी कापायचा न्हाई,” असं म्हणून त्यांनी फॉईल परत पिशवीत घातली. केकच्या गुन्ह्यांनी गांजलेला माणूस असावा. मग सरांना बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, “माझी पोरगी आठवीत हाय. मार्क किती भेटतेत?”

स्पर्धेच्या ठिकाणी सकाळी नऊची वेळ होती. भवानी देवी चौदा वर्षांची असताना तुर्कस्तानात पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला गेली, तिथं तीन मिनिटं उशीर झाला म्हणून तिला काळं कार्ड दाखवून स्पर्धेतून काढलं होतं. ही गोष्ट सांगून सरांनी पोरींना पहाटे चारला उठवलेलं. पोरी नऊला खेळाच्या पट्टीवर हजर. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले. त्यांना काळं कार्ड दाखवण्याची तरतूद नियमांत नाही. त्यांनी नारळ फोडला, फॉईल हातात घेतली, उत्साहानं वर उगारली आणि “ही तर वाकायलीय की!” असं माईकवर म्हणाले. पुढं त्यांनी इतिहासावर बोलताना ती चारी दिशांना अशी फिरवली, की पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांनी मास्क मागवून घेतला.

खेळ सुरू झाल्यावर पालकांची फार पंचाईत होते. कबड्डीत ओरडायची सोय असते. इथं चौदा मीटर लांब आणि दीडेक मीटर रुंद पट्टीवर दोन पोरी एकमेकींना सलाम करतात, पंचांना सलाम करतात, ‘रेडी’ होते, आणि तुम्ही डोळे मिटून उघडेपर्यंत दिवा लागून गेलेला असतो. दाजी “घाल! घाल की!” म्हणायला तोंड उघडतात तोवर घालून झालेलं असतं. वर पंच शांतता पाळायला सांगतात.

त्यात फॉईलचा एक नियम असा आहे, की त्यावर घरी येऊन आठ दिवस वाद चालतो. दोघींचेही दिवे एकदम लागले तर गुण दोघींना मिळत नाही. ज्या पोरीचा हल्ला आधी सुरू झाला तिला मिळतो, आणि समोरचीनं तो अडवून उलट टोचलं असेल तर हक्क तिच्याकडं जातो. कोण आधी, हे पंच ठरवतात. दाजींना हे कळेना. मी त्यांना एसटीचं उदाहरण दिलं. गाडी लागल्यावर खिडकीतून रुमाल टाकणारा एक, दारातून घुसून सीटवर टेकणारा दुसरा. दोघांचे दिवे लागले. रुमाल आधी पडला असेल तर जागा रुमालवाल्याची. पण दुसऱ्यानं रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि मग टेकला, तर त्याची. दाजी एकदम म्हणाले, “म्हंजे कंडक्टर म्हणल तसं.” यापेक्षा नेमकी व्याख्या मला कुठल्या नियमपुस्तिकेत आढळलेली नाही.

पालकांचा दुसरा संशय वायरीवर. आपल्या पोरीचा दिवा लागला नाही, की समोरच्या शाळेनं काहीतरी केलं. संशयाला इतिहासाचा आधार आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकात मॉडर्न पेंटॅथलॉनमधल्या तलवारबाजीत सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिशेंकोनं इपीच्या मुठीत चोरून बटण बसवलं होतं. टोक हवेत असलं तरी बटण दाबलं की त्याच्या बाजूचा दिवा लागायचा. ब्रिटिशांनी आक्षेप घेतला, हत्यार उघडलं, आणि त्याला घरी पाठवलं. सरांनी ही गोष्ट प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगितली. संघात एक पोरगी आहे, तिच्या वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तिनं वही काढून विचारलं, “सर, बटण नेमकं कुठं बसवलं होतं?”

आणि मग लाईट जाते. पेटीला वीज लागते, विजेला बोर्ड लागतो, बोर्डाला एक्स्टेन्शन, आणि एक्स्टेन्शनच्या प्लगला तो सुटू नये म्हणून माणूस लागतो. इपीला वीज जोडली ती १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकात, फॉईलला १९५६ च्या मेलबर्नमध्ये. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आला. म्हणजे आम्ही मुंबई राज्यात आणि फॉईल विजेवर जवळपास एकाच वेळी गेलो. विजेची शाश्वती मात्र दोघांनाही मिळाली नाही. लाईट गेली की सामना १९५६ च्या मागं जातो. मग जुन्या पद्धतीनं दोन्ही बाजूंना माणसं उभी करून कुणाचं टोक कुणाला लागलं हे डोळ्यांनी बघायचं. आणि चार मराठवाडी माणसांनी एकच गोष्ट डोळ्यांनी बघितली, की तिथं चार गोष्टी घडलेल्या असतात. तेव्हा पंच शहाणपणानं म्हणाले, “चहा घेऊ.”

सांघिक सामना मोठा असतो. तीन-तीन पोरी, प्रत्येकीनं समोरच्या तिघींशी खेळायचं, नऊ लढती, ४५ गुणांवर संपतो. चौथी राखीव. आमची राखीव खेळाडू म्हणजे तीच, रिवायंडिंगवाल्यांची. तिला पट्टीवर जायची वेळ आली नाही. पण त्या हॉलमधला प्लग ढिला होता; जरा धक्का लागला की पेटी बंद पडायची. सरांनी तिला बोर्डावर पाय दाबून उभं केलं. नऊच्या नऊ लढती ती तशीच उभी राहिली. मधे कुणीतरी केळं आणून दिलं, तेही तिनं पाय न उचलता खाल्लं. समोरच्या शाळेचा गुण झाला तरी दिवा लागला पाहिजे, हे तिला न आवडून पटलेलं होतं. एकदा गुण समोरच्या शाळेकडं जाणार असं दिसल्यावर तिचा पाय किंचित हलल्यासारखा मला वाटला, पण सर तिच्याकडंच बघत होते.

उपांत्य फेरीत हरलो. पण या स्पर्धेत तिसऱ्या जागेसाठी वेगळी लढत होत नाही, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं. हा नियम कळल्यावर दाजींनी तलवारबाजी हा जगातला सर्वांत न्याय्य खेळ असल्याचं जाहीर केलं आणि गुणांचा अर्ज कधी भरायचा ते विचारून घेतलं.

निलंग्यात बातमी आमच्या आधी पोचली होती. बसस्टँडसमोर अभिनंदनाचा फलक लागला, त्यावर नेते मोठे, पोरी लहान, हे ओघानंच आलं. फोटो मात्र सामन्यातलाच होता, सरांनी मोबाईलवर काढलेला. त्यात तिघी मास्क घातलेल्या. कोण कुणाची, हे त्यांच्या आयांनाही सांगता येईना. बहीण एकीच्या कोपराकडं बोट दाखवून “हीच आमची” म्हणत होती आणि शेजारची बाई त्याच कोपरावर हक्क सांगत होती. उघडं तोंड एकच होतं. मागं बोर्डावर पाय ठेवून, हातात केळं धरून, कॅमेऱ्याकडं बघत उभी असलेली राखीव खेळाडू.

गावानं तिला ओळखलं. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जळालेली मोटार खाली ठेवून आधी तिच्या वडिलांचा हात हातात घेऊ लागलं. चौकात तिला हार घातला, फेटा बांधला, आणि एका मंडळानं म्यानातली खरी तलवार आणून तिच्या हातात दिली. ती अर्थातच अर्ध्यात अडकली. माईक पुढं करून सूत्रसंचालकानं विचारलं, “ताई, हे यश कसं मिळवलं?”

ती म्हणाली, “मी शेवटपर्यंत पाय काढला न्हाई.”

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मागं उभ्या असलेल्या तिघीही टाळ्या वाजवत होत्या, आणि भाची मला हळूच म्हणाली, “मामा, पुढच्या वर्षी मी राखीव.”